केट्टुवळ्ळम : मालवाहू नौका ते तरंगते अतिथिगृह

केरळातील आलप्पुळा शहराजवळ, पुन्नमडा या जलभागात, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास एक नित्याचे दृश्य पाहावयास मिळते. दिवसभर वेंबनाड सरोवरात फिरणाऱ्या, माडाच्या झावळ्यांनी आणि बांबूंच्या तट्ट्यांनी शाकारलेल्या मोठ्या नौका हळूहळू काठाकडे वळू लागतात. यंत्राचा आवाज बंद होतो, दोर काठावरील माडाच्या बुंध्याला बांधला जातो आणि स्वयंपाकी रात्रीच्या जेवणाच्या तयारीला लागतो. प्रथमच आलेल्या प्रवाशास याचे आश्चर्य वाटते. सूर्यास्ताच्या वेळी, पाणी सर्वांत सुंदर दिसत असताना नौका थांबावी कशासाठी? चालत्या नौकेवर चांदण्यात जेवण घेण्याची कल्पना मनात धरून तो आलेला असतो.

या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. सूर्य मावळल्यानंतर सरोवर मच्छीमारांचे असते. रात्रभर तेथे जाळी पसरलेली असतात आणि मोठ्या नौकेच्या पंख्यात एखादे जाळे अडकले, तर एका कुटुंबाची कित्येक दिवसांची कमाई बुडते. म्हणून प्रवासी नौकांनी संध्याकाळी थांबावे, असा दंडक तेथे पाळला जातो. जलपर्यटनाचा विचार करणाऱ्या कोणत्याही प्रदेशाने या एका दंडकाकडे लक्षपूर्वक पाहावे, इतका त्यात अर्थ आहे. तो समजून घेण्यासाठी प्रथम ही नौका मुळात काय होती, हे पाहणे आवश्यक ठरते.

भात वाहणारी नौका

मल्याळम भाषेत ‘केट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘वळ्ळम’ म्हणजे नौका. केट्टुवळ्ळम म्हणजे बांधलेली, किंबहुना शिवलेली नौका. हिच्या बांधणीत पारंपरिक पद्धतीनुसार एकही खिळा वापरला जात नाही. आंजिली या फणसाच्या जातीच्या वृक्षाच्या फळ्या एकास एक भिडवून, त्यांना छिद्रे पाडून, त्या काथ्याच्या दोरीने घट्ट शिवल्या जातात. सांध्यांमध्ये नारळाच्या सोडणाचा चोथा ठासून भरला जातो. काजूच्या टरफलापासून निघणाऱ्या काळ्या तेलाचा लेप दिल्यामुळे लाकडाचे पाण्यापासून आणि किडीपासून रक्षण होते.

खिळ्यांऐवजी दोरी वापरण्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे. वेंबनाडच्या निमखाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजते व गंजलेला खिळा सभोवतीचे लाकूडही कुजवितो. शिवलेली नौका उथळ तळाला घासली किंवा काठावर आदळली, तरी थोडी लवते आणि धक्का पचविते. एखादी फळी खराब झाल्यास शिवण उसवून तेवढीच बदलता येते. लाकूड, काथ्या, बांबू, तेल ही सर्व सामग्री त्याच मुलखात मिळणारी. म्हणजेच नौका, ती बांधणारा कारागीर आणि काथ्या वळणारे हात यांचा चरितार्थ एकाच साखळीत गुंफलेला होता.

साधारणतः साठ ते सत्तर फूट लांब व मध्यभागी तेरा ते पंधरा फूट रुंद असलेली अशी नौका सुमारे तीस टनांपर्यंत माल वाहू शकत असे. कुट्टनाडचा भात, नारळ, काथ्या आणि मसाल्याचे पदार्थ तिच्यातून कोची बंदराकडे जात. लांब बांबू तळाला टेकवून खलाशी ती पुढे ढकलीत. वारा अनुकूल असल्यास शीडही उभारीत. प्रवास कित्येकदा रात्रंदिवस चाले व खलाशांचे जेवण नौकेवरच शिजे. आज पर्यटकास ज्याचे अप्रूप वाटते, ते नौकेवरील जेवण मुळात श्रमिकांचे जेवण होते.

कोकणातील वाचकास हे चित्र परके वाटणार नाही. मचवे, पडाव आणि गलबते यांच्यावरच कोकणची मालवाहतूक दीर्घकाळ अवलंबून होती. केरळात नौका हाकणाऱ्यास ‘स्रांक’ म्हणतात. आपल्याकडील ‘सारंग’ हा त्याचाच सहोदर शब्द होय.

पूल आले, नौका थांबली

रस्ते झाले, खाड्यांवर पूल उभे राहिले आणि मालमोटारी थेट शेताच्या बांधापर्यंत पोहोचू लागल्या. ज्या अंतरास नौकेला दिवस लागत, ते काही तासांत तुटू लागले. कोकणात जे गलबतांचे झाले, तेच केरळात केट्टुवळ्ळमचे झाले. अनेक नौका काठावर पडून राहिल्या. काही मोडून त्यांचे लाकूड विकले गेले.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या नौकांना नवे काम मिळाले. धान्याच्या जागी शयनगृहे आली; झावळ्यांच्या छपराखाली भोजनाची जागा झाली; बांबूने ढकलण्याऐवजी यंत्र बसले. दुपारी निघावे, सरोवरात व कालव्यांत फिरावे, संध्याकाळी काठाला लागावे, रात्रीचे जेवण करून नौकेवरच झोपावे आणि सकाळी परतावे, असा या सहलीचा क्रम रूढ झाला. हा व्यवसाय इतका वाढला की, पुढे अनेक नौका मूळच्या मालवाहू न राहता पर्यटनासाठीच नव्याने बांधल्या गेल्या.

ताटातील कुट्टनाड

रात्रीच्या जेवणात सामान्यतः लालसर, उकडा तांदूळ, सांबार, अवियल, नारळ घातलेली पालेभाजी आणि मासे असतात. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला ‘करिमीन’ हा तेथील विशेष पदार्थ. गोव्यात व दक्षिण कोकणात ‘काळुंदर’ म्हणून ओळखला जाणारा हा मासा केरळने २०१० मध्ये राज्यमत्स्य म्हणून घोषित केला.

या ताटातील प्रत्येक जिन्नसामागे सभोवतीचा प्रदेश उभा आहे. कुट्टनाड हा समुद्रसपाटीहूनही खाली भातशेती होणारा भाग आहे. बांध घालून, आतील पाणी उपसून तेथे भात लावला जातो. या शेतीपद्धतीस संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. पंपा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल या नद्या ज्या वेंबनाडला मिळतात, ते भारतातील सर्वांत लांब सरोवर असून, वेंबनाड-कोल पाणथळ क्षेत्राचा २००२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. भातास खारे पाणी बाधू नये म्हणून तण्णीरमुक्कम येथे बंधारा बांधला गेला. त्याने शेतीचे रक्षण झाले; परंतु बंधाऱ्याची दारे बंद असताना भरती-ओहोटीने होणारी पाण्याची धुलाई थांबते, जलपर्णी माजते आणि घाण साचून राहते. मासे व शिंपले यांवर जगणाऱ्यांना याची झळ पोहोचते.

पाण्याची सहनशक्ती

अशा कोंडलेल्या पाण्यावर शेकडो नौका फिरू लागल्या, तेव्हा व्यवसायाच्या यशातच त्याची अडचण दिसू लागली. शौचालयांचे सांडपाणी, स्वयंपाकघरातील खरकटे व यंत्रातून गळणारे तेल यांचा शेवट कोठे होतो, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. काठावरील कुटुंबे त्याच पाण्यात स्नान करतात, कपडे व भांडी धुतात. कुट्टनाडमध्ये चहूकडे पाणी असूनही पिण्याच्या पाण्याची टंचाई असते, ही विसंगती पर्यटकाच्या ध्यानी क्वचितच येते.

कोझिकोड येथील जलसंपदा विकास व व्यवस्थापन केंद्राने २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासात आलप्पुळा भागातील जलाशयाची धारणक्षमता २६२ नौकांची असल्याचे दाखविण्यात आले. त्या वेळी तेथे ७३४ नौका चालत होत्या. नौका किती असाव्यात, हे मागणीवरून नव्हे तर पाण्याच्या शक्तीवरून ठरावे, हा या आकड्यांचा बोध आहे. सांडपाणी टाकीत साठवून काठावरील शुद्धीकरण केंद्रात रिकामे करण्याची व्यवस्था आणि नव्या नौकांच्या नोंदणीवर नियंत्रण, हे उपाय म्हणूनच महत्त्वाचे ठरतात.

प्रदूषण न करणारी नौका अशक्य नाही, हेही केरळानेच दाखविले आहे. तेथील राज्य जलवाहतूक विभागाने जानेवारी २०१७ मध्ये वैक्कम व तवणक्कडवू यांच्या दरम्यान ‘आदित्य’ ही सौरशक्तीवर चालणारी प्रवासी नौका सुरू केली.

सुरक्षिततेची कसोटी

नौकेचे सौंदर्य तिच्या सुरक्षिततेची हमी देत नाही. झावळ्यांचे छप्पर, लाकडी भिंती आणि स्वयंपाकाचा गॅस एकत्र आले की आगीचा धोका असतोच. जानेवारी २०२० मध्ये पातिरामणल बेटाजवळ एका नौकेस आग लागली. पाणी उथळ असल्याने व मदत वेळेवर पोहोचल्याने प्रवासी बचावले.

७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे मात्र दैवाने साथ दिली नाही. सायंकाळच्या फेरीस निघालेली पर्यटक नौका उलटून २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. मासेमारीच्या नौकेचे रूपांतर करून ती बनविण्यात आली होती आणि तीत क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी होते. माल वाहणारी किंवा मासे आणणारी नौका माणसांसाठी वापरली की तिचा तोल बदलतो. तळाशी असलेल्या स्थिर ओझ्याची जागा हालचाल करणारी माणसे घेतात. दुमजली नौकेत ती वरच्या मजल्यावर जातात आणि एखादे दृश्य पाहण्यासाठी सारीच एका बाजूस धावतात. अंधारात बचावकार्य कठीण होते. म्हणूनच रूपांतरित नौकेची पुन्हा तांत्रिक तपासणी आणि सूर्यास्ताची मर्यादा या दोन्ही गोष्टी जीवनमरणाच्या आहेत.

सहलीस जाणाऱ्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शिक्षकांनी, नौकेवर पाऊल ठेवण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. नौकेचा नोंदणी क्रमांक व मान्य प्रवासीसंख्या ठळकपणे लिहिलेली आहे काय? तपासणीचे प्रमाणपत्र मुदतीतील आहे काय? सारंगाजवळ परवाना आहे काय? प्रत्येकासाठी, लहान मुलांच्या मापाचेही, जीवरक्षक जाकीट हाताशी आहे काय? अग्निशामक साधने कोठे आहेत? यांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर दिलेली आगाऊ रक्कम सोडून परत फिरणे शहाणपणाचे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही जलपर्यटन वाढत आहे. केरळच्या धर्तीवरील नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे, कर्ली नदीच्या पात्रात आणल्या होत्या. त्याच तारकर्लीत २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची एक नौका बुडून दोघांना प्राण गमवावे लागले. नौकांची नोंदणी व तपासणी हे शासकीय यंत्रणेचे काम असले, तरी धक्क्यावर रोज काय चालते, हे सर्वांत आधी गावाला दिसते. अंतर्देशीय नौकांसाठी २०२१ मध्ये नवा केंद्रीय कायदा झाला. पण भरलेल्या नौकेत आणखी दहा माणसे चढत असताना त्यांना थांबविणारा माणूस धक्क्यावर हजर नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

ग्रामपंचायतीस करता येण्याजोगे बरेच आहे. नौकाफेऱ्यांच्या वेळा व मार्ग ठरविण्यापूर्वी मच्छीमारांना विश्वासात घेणे, सांडपाण्याची सोय झाल्याविना धक्का वापरू न देण्याचा आग्रह धरणे आणि पर्यटकांच्या जेवणाचा पैसा गावातच राहील असे पाहणे, ही त्यांतील प्रमुख कामे होत. वेंबनाडच्याच काठावरील कुमरकोम येथे २००८ मध्ये ‘जबाबदार पर्यटन’ उपक्रम सुरू झाला, तेव्हा पंचायतीच्या सहभागाने कुडुंबश्रीच्या महिला गटांनी पिकविलेला भाजीपाला तेथील हॉटेलांना पुरविण्याची व्यवस्था करण्यात आली. पर्यटन गावात आले, एवढ्याने गावाचा विकास होत नाही. ताटातील तांदूळ, भाजी आणि मासा गावचा असेल, तेव्हा तो होतो.

ऑगस्ट २०१८ च्या महापुरात कुट्टनाड जलमय झाला. तेव्हा हजारो कुटुंबांना आलप्पुळा येथे सुरक्षित स्थळी हलविण्यासाठी जी जलवाहने धावली, त्यांत या प्रवासी नौकाही होत्या. एकेकाळी भात वाहणाऱ्या आणि पुढे पाहुण्यांना नेणाऱ्या या नौकांनी त्या दिवसांत गावकऱ्यांना वाहून नेले. नौका व गाव यांचे नाते पूर्णपणे तुटले नसल्याची ती साक्ष होती.

हेच नाते रोजच्या सायंकाळी त्या छोट्या दंडकातून पाळले जाते. नौका काठाला बांधलेली असते, ताटे वाढली जात असतात आणि समोरच्या काळोखात कंदील लावलेल्या लहान होड्या जाळी टाकण्यासाठी निघालेल्या असतात. पाहुण्याचे जेवण आणि मच्छीमाराची कमाई एकाच पाण्यावर अवलंबून आहेत. एकाने थांबावे म्हणजे दुसऱ्यास चालता येते, एवढी समज ज्या किनाऱ्यावर टिकेल, तेथेच जलपर्यटनही टिकेल.