कचेरीचा निरोप आणि घरचा हिशेब

गेल्या श्रावणात आमचा मुक्काम शाहूवाडीस एका स्नेह्यांच्या घरी होता. आंबा घाटाकडून आलेली झड सकाळपासून थांबली नव्हती, आणि घरातील हवाही तितकीच कुंद होती. पुण्यास चांगल्या पगारावर असलेल्या धाकट्या चिरंजीवांनी राजीनामा दिला होता. पाठीवर एक पिशवी टाकून वर्ष-दीड वर्ष परदेशी हिंडून येण्याचा त्यांचा निश्चय होता. "अण्णा, दहा वर्षे खुर्चीत गेली, आता जग पाहू द्या," एवढेच त्यांचे म्हणणे. अण्णा गप्प होते. माई मात्र आम्हांस म्हणाल्या, "आपल्यांत असे कधी कोणी केले आहे काय?"

केले आहे; आणि तेही कोल्हापूरचे पाणी प्यालेल्या गृहस्थाने! गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातील कारकून. 1878 साली ते कोल्हापुरास असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी मिशनरी वाइल्डरसाहेबांस पत्र लिहिले. ते अमेरिकेत छापले गेले, न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले, आणि 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई पतीवाचून कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. येथवरची कथा आमच्या वाचक भगिनींस मुखोद्गत असेल. पुढे खुद्द गोपाळरावही कचेरी मागे टाकून ब्रह्मदेशाच्या वाटेने देशाटनास निघाले आणि 1885 साली अमेरिकेत पोहोचले, हा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. ते तेथे गावोगाव व्याख्याने देत. त्यांत पाश्चात्त्य रीतिरिवाजांवर अशी टीका असे की, ज्या मंडळींच्या आश्रयाने आनंदीबाई शिकत होत्या त्यांच्यापुढे त्या बिचारीस अवघडल्यासारखे व्हावे.

गोपाळरावांच्या हिमतीबद्दल आम्हांस शंका नाही. ठरलेला पगार सोडून समुद्र ओलांडणे हे त्या काळी जातिबहिष्कारास आमंत्रण होते. परंतु ते मोकळेपणाने हिंडत असता फिलाडेल्फियाच्या थंडीत अभ्यास आणि आजार दोन्ही सोसणारी व्यक्ती निराळी होती. आनंदीबाईंस 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली. पण त्या रुजू होण्यापूर्वीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास निवर्तल्या. त्या आजाराचा दोष आम्ही पतीच्या प्रवासावर मुळीच ठेवीत नाही. मात्र प्रवाशाचे कौतुक करताना त्याच्यामागे कोण उभे होते, हे विचारावेसे वाटते खरे.

हे सारे आम्ही दिवेलागणीस माजघरात सांगितले. चिरंजीव हसून म्हणाले, "काका, मला व्याख्याने द्यावयाची नाहीत!" बरेच झाले म्हणावयाचे, पर्यटकाच्या व्हिसावर कमाई करू देत नाहीत, आणि युरोपातील शेंगेन देशांत तर 180 दिवसांत 90 दिवसांवर राहताही येत नाही. म्हणजे सारा खर्च शिलकेतून. ती शिल्लक किती, हे अण्णांनी तेव्हा प्रथमच विचारले.

उत्तर सूनबाईंनी दिले. त्या स्वतः शाळेत शिकवितात. त्यांनी वही आणली. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलीची फी, माईंची औषधे, सारे ओळीने लिहिलेले होते. "ह्यांनी जावे," त्या म्हणाल्या, "पण दीड वर्ष नव्हे, सात महिने. तेवढेच माझ्या पगारात निभते. आणि पुढच्या वर्षी मुलीस घेऊन मी जाईन. तेव्हा घर ह्यांनी पाहावे."

चिरंजीवांनी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि बराच वेळ ते ती वाचीत बसले. माईंनी पाने घेतली.