पेऱ्याचें माप आणि मापाचें शेत

जुनीं दानपत्रें, महजर व गांवचे कागद वाचतांना जमिनीच्या वर्णनांत 'अमुक पायलीचें शेत', 'इतक्या मणांचें रान' असे शब्द वारंवार आढळतात. वाचणारा शहरांत वाढलेला असला तर तो हें उत्पन्नाचें माप समजून पुढें जातो. आम्हीही एके काळीं तसेंच समजत होतों. शिक्षकी पेशांत असतांना डोंगराळ भागांतील एका देवस्थानाच्या कागदाची नक्कल आमच्या हातीं आली. तींत पुजाऱ्यास 'दोन मणांचें शेत' दिल्याचा उल्लेख होता. दोन मण भात पिकणारी जमीन असा अर्थ करून, दात्याच्या कृपणपणाविषयीं दोन शब्द लिहून आम्ही मोकळे झालों. पुढें एका विद्यार्थ्याचे वडील घरीं आले असतां तो कागद त्यांच्या कानीं घातला. ते हसून म्हणाले, "गुरुजी, दोन मण पिकायचें म्हणजे तें अंगणच झालें. त्याला चार शिवा कोण लिहून देईल? हा पेरा आहे." म्हणजे दोन मण बीज ज्यांत पेरलें जातें तें शेत! पीक बीजाच्या दसपट धरलें तरी आमच्या वाचनानें ती देणगी एक दशांशावर आली होती. दात्याची क्षमा मागण्याची सोय नव्हती. निदान ती चूक दुसऱ्या कोणाकडून होऊं नये एवढ्यासाठीं हा लेख आहे.

जमिनीस बीजाच्या मापानें ओळखण्याची ही रीत नवी नाहीं, व ती केवळ आपल्याच प्रांतांतील नाहीं. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील ४५ व्या सूत्रांत याच अर्थाचा तद्धित प्रत्यय सांगितला आहे. ज्या क्षेत्रांत प्रस्थभर बीज पेरलें जातें तें 'प्रास्थिक', द्रोणभर पेरलें जातें तें 'द्रौणिक'. व्याकरणकारास स्वतंत्र सूत्र करावें लागलें, त्या अर्थीं हे शब्द लोकांच्या तोंडीं नित्य असले पाहिजेत. गुप्तकालीन ताम्रपटांत तर हीच रीत राजकीय व्यवहारांत उतरलेली दिसते. हल्लीं बांगलादेशांत असलेल्या पहाडपूर येथील ताम्रपटांत (गुप्त संवत् १५९, म्हणजे इ. स. ४७८-७९) नाथशर्मा नांवाचा ब्राह्मण व त्याची पत्नी रामी यांनीं जैन विहारासाठीं दीड कुल्यवाप जमीन तीन दीनार भरून विकत घेतल्याचें लिहिलें आहे. त्या जमिनीचे निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे द्रोणवापांत व आढवापांत दिले असून त्यांची बेरीज बारा द्रोणवाप होते. म्हणजे आठ द्रोणवापांचा एक कुल्यवाप. येथें 'वाप' हा शब्द स्पष्ट लिहिला आहे म्हणून कोणी फसत नाहीं. मराठी कागदांत तो गाळला जातो व तेथेंच घोटाळा होतो.

आतां हीं मापें पाहूं. आपल्याकडील धान्यमापांचें कोष्टक सर्वसाधारणपणें असें : दोन निळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. परंतु कागदांत 'कैली' व 'वजनी' असे दोन शब्द येतात, ते डोळ्यांआड करूं नयेत. कैली म्हणजे भांड्यानें मोजलेलें, वजनी म्हणजे तराजूनें तोललेलें; मण, शेर हीं नांवें दोहोंकडे तींच. त्यांतही 'कैली बारुले' असें लिहिलें असेल तर तो मण बारा पायल्यांचा. सोळा पायल्यांच्या हिशेबानें खंडीचे १२८० शेर होतात, बारुल्या हिशेबानें ९६०च. एका शब्दाकडे दुर्लक्ष केल्यास चौथा हिस्सा नाहींसा होतो अथवा फुकट वाढतो.

नांव टिकतें व माप बदलतें, याचें उत्तम उदाहरण 'कुडव'. शास्त्रांत चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. भास्कराचार्यांनीं लीलावतींत सोळा द्रोणांची खारी धरून, एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा जागेंत मावेल ती मागध खारी असें सांगितलें आहे. म्हणजे खारींत १०२४ कुडव. कुडव हें ओंजळीच्या आंतलें माप झालें. तोच कुडव गोव्यांत वाढत वाढत खंडीचा विसावा हिस्सा होऊन बसला! म्हणून केवळ संस्कृत कोशाच्या आधारें मराठी कागदांतील मापाचा उलगडा करणें धोक्याचें आहे. आमचा सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, तरी हें कबूल करणें भाग आहे.

भांड्यानें मोजण्यांत आणखी एक मेख आहे, ती शिगेची. भांड्याच्या कांठावर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो ती शीग; हा शब्द 'शिखा' यावरूनच आला. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत मापें वाळलेल्या, चिवट लांकडाचीं करावीं व शिखा मापाच्या चतुर्थांशाएवढी असावी असें सांगितलें आहे. तेथेंच द्रोणाचे चार प्रकार आहेत : राजाच्या कोठारांत येणारा २०० पलांचा, बाजारांतील १८७॥ पलांचा, चाकरांस देण्याचा १७५ पलांचा व अंतःपुराच्या खर्चाचा १६२॥ पलांचा. घेतांना मोठें माप व देतांना लहान, हा व्यवहार सावकारानें शोधून काढला असें समजण्याचें कारण नाहीं. पेऱ्याच्या मापानें जमीन लिहितांना शीग धरली कीं नाहीं हें कागद क्वचितच सांगतो. तेथें गांवची चाल पाहावी लागते.

धान्य वाहून नेण्याचे शब्दही मापांतच येऊन मिळतात. बैलाच्या पाठीवर टाकावयाची गोणी ही पाणिनीस ठाऊक आहे. 'आवपन', म्हणजे ज्यांत ओतावयाचें तें पात्र, असा तिचा अर्थ त्याच्या सूत्रांत आहे. आणि कौटिल्यानें वीस द्रोणांचा कुंभ व दहा कुंभांचा 'वह' सांगितला आहे, त्याचें तर नांवच वाहण्यावरून पडलेलें. घरांतून मात्र बीज पाटींतून किंवा गोणींतून बांधावर जातें व बांधावरून पेरणारणीच्या ओटींत.

ही ओटी जेथें रिकामी होते तें अवजार म्हणजे पाभर किंवा तिफण. आडव्या दिंडांत तीन फण बसविलेले असतात. प्रत्येक फणास वेळूचा एक पोकळ नळा असून तीनही नळ्यांचीं वरचीं टोकें एका लांकडी वाटींत येतात. या वाटीस चाडें म्हणतात. तिच्या तळास नळ्यांइतकीं भोकें असतात. पुरुष बैल हांकतो, आणि चाड्यावर मूठ धरण्याचें काम बहुधा घरची जाणती स्त्री करते. बोटांच्या फटींतून दाणे असे सोडावयाचे कीं तीनही भोकांत ते सारखे पडावेत. आंतरपिकाचें बीज सोडावयाचें असेल तर मागें दोरीनें बांधलेला सुटा नळा, म्हणजे सरतें, दुसऱ्या स्त्रीच्या हातीं असतें.

या मुठीचा हिशेब आम्ही एकदां करून पाहिला. एकरांत रब्बी ज्वारीचें बीज सुमारें ४ किलो लागतें, व दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असतें. एकराचें क्षेत्र सुमारें ४०४७ चौरस मीटर. म्हणजे ओळींची एकूण लांबी जवळजवळ ९ किलोमीटर, आणि तिफणीच्या एका फेरींत तीन ओळी होतात म्हणून चालणें ३ किलोमीटर. यावरून मीटरभर चालीस चाळीस-पंचेचाळीस दाणे मुठींतून सुटले पाहिजेत, व तेही बैलांच्या पावलांबरोबर. जास्त सुटले तर शेताच्या शेवटीं बीज पुरत नाहीं; कमी सुटले तर शेत विरळ राहतें. ज्या हातास हें साधतें त्या हाताच्या भरंवशावरच 'चार पायलीचें शेत' या शब्दास अर्थ होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हालकॉट नांवाच्या इंग्रज कप्तानानें दक्षिणेंतील अशाच पाभरीचें वर्णन विलायतेस पाठविलें, आणि तेथील लोकांस तें नवलाचें वाटलें.

आतां प्रश्न उरतो कीं, काठी असतां बीजानें कां मोजावें? देशावरील सपाट मुलखांत काठी चालेच. शिवकालीं पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, व १२० बिघ्यांचा चाहूर. पण मावळांत व कोंकणांत डोंगरउतारावरील वेड्यावांकड्या खाचरांवर काठी कशी टाकणार? तेथें खाचर किती बीज खातें हें विचारणेंच सोपें. मात्र तेथें भाताचा राब करून रोपें लावण्याची चाल असेल तर तेंच मणभर बीज अधिक जमिनीस पुरतें, व फेंकून पेरण्याची चाल असेल तर कमी. म्हणून एका खोऱ्यांतील मणाचें शेत दुसऱ्या खोऱ्यांतील मणाच्या शेताएवढें धरतां येत नाहीं. एकरांत रूपांतर करून कोष्टकें छापण्याची घाई करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

१९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली व १९६२ पर्यंत शेर-पायली व्यवहारांतून कायद्यानें गेली. ट्रॅक्टरमागील पेरणीयंत्रांत चाकाबरोबर फिरणारी खांचांची लाट ठराविक दाणे खालीं सोडते. पेरणीपूर्वीं चाक फिरवून पडलेलें बीज तोलतात व यंत्र बसवून घेतात. आतां एकर आधीं येतो व बीज त्यावरून ठरतें. पूर्वीं बीज आधीं होतें व जमीन त्यावरून ठरे. हा क्रम उलटल्यामुळें नव्या पिढीस जुना कागद उलटाच दिसतो, यांत तिचा दोष नाहीं.

जुनीं मापें हल्लीं मोडींत जात आहेत. गेल्या वर्षीं एका घरीं चार पिढ्यांची पितळी पायली पाहण्यास आम्ही गेलों, तों ती आठच दिवसांपूर्वीं भंगारवाल्यास दिलेली. ती त्या गांवीं बारुली होती कीं सोळा पायल्यांच्या मणाची, हें सांगणारे आजोबाही आतां नाहींत. ज्या सभासदांच्या घरीं किंवा गांवीं अशीं मापें असतील त्यांनीं तीं पाण्यानें भरून तें पाणी लिटरमध्यें मोजावें, तोंडाचा व्यास व खोली लिहावी, शिक्का असल्यास त्याचा ठसा घ्यावा, शीग धरीत कीं सपाट मोजीत हें वृद्धांस विचारावें, आणि तें टिपण गांवाच्या व पिकाच्या नांवासह मंडळाकडे पाठवावें. पायली मिळाली नाहीं तरी मापटें, चिपटेंही चालेल.