आधी कुलूप, मग संगणक

सेवा केंद्रात नवा मुलगा कामाला लागला, की आम्ही त्याला आधी कुलूप शिकवतो. हे कुलूप म्हणजे पासवर्ड. तो कुणाला सांगायचा नाही, भिंतीवर लिहायचा नाही. गर्दी असली तरी नाही!

मग आधार कार्ड. त्यावर १२ आकडे. म्हातारी आजी विश्वासानं कार्ड देते, अंगठा लावते. त्या अंगठ्यावर बँकेतले पैसेही निघतात. म्हणून ती ज्या कामाला आली, त्याच कामापुरता तो घ्यायचा. कार्डाचा फोटो आपल्या मोबाईलात ठेवायचा नाही.

लबाडीनं दुसऱ्याचा पासवर्ड वापरला, तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं ३ वर्षांपर्यंत कैद होते. वर १ लाखापर्यंत दंड!

तुम्हीही विचारा, “बाबा, हा अंगठा कशासाठी?” नीट शिकलेला मुलगा रागावत नाही, सांगतो.