बेपत्ता विमान आणि संशयाचा खटला

क्वालालंपूरच्या विमानतळावरून ८ मार्च २०१४ रोजी रात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान बीजिंगकडे निघाले. आत २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, एकूण २३९ माणसे होती. त्यांत दीडशेहून अधिक चिनी होते, पाच भारतीय होते. १ वाजून १९ मिनिटांनी मलेशियाच्या नियंत्रकाने विमानाला व्हिएतनामच्या नियंत्रकाकडे जाण्यास सांगितले, विमानातून निरोपाचे उत्तर आले आणि दोनच मिनिटांत विमान पडद्यावरून नाहीसे झाले. त्यानंतर त्या विमानातला मानवी आवाज कोणीही ऐकलेला नाही.

तो निरोप काय होता? ‘ऑल राइट, गुड नाइट’ असे शब्द अधिकाऱ्यांनी जगाला सांगितले. मग या शब्दांचा कीस पाडणे सुरू झाले. इतका सैल निरोप कसा? विमानाचा क्रमांक का उच्चारला नाही? वैमानिकाच्या मनात काय शिजत होते? मार्च संपता संपता सरकारने सांगितले की खरे शब्द ‘गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झिरो’ असे होते. म्हणजे क्रमांकासह दिलेला, कोणताही वैमानिक रोज देतो तसा निरोप! मी वकिली करतो. पंचनाम्यातला एक शब्द मागेपुढे झाला तर उलटतपासणीत साक्षीदाराची काय अवस्था होते हे मी रोज पाहतो. येथे मात्र चुकीचे शब्द सांगणारे सुटले आणि ज्याच्या तोंडी ते घातले गेले तो संशयित ठरला.

या विमानाविषयी आजवर जे तर्क लढवले गेले त्यांची मोजदाद करणे कठीण आहे. कोणी म्हणाले, ते कझाकस्तानात उतरवले. कोणी म्हणाले, हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया या अमेरिकी तळावर नेले. अमेरिकेतील एका मोठ्या वृत्तवाहिनीवर कृष्णविवराचीही चर्चा झाली. क्वालालंपूरच्या विमानतळावर तर एक मांत्रिक नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विमान शोधायला बसला आणि त्याची छायाचित्रे जगभर छापून आली. मलेशियन जनतेनेच त्याची यथेच्छ टिंगल केली, हे बरे झाले. परंतु मला विचाराल तर बांबूच्या दुर्बिणीतून पाहणारा मांत्रिक आणि टाय बांधून स्टुडिओत बसलेला तज्ज्ञ यांच्यात त्या आठवड्यात फारसा फरक नव्हता. पुरावा दोघांकडेही नव्हता.

टिंगल करण्यासारखे होते ते सोडून देऊ. संशयाने माणसांचे काय केले ते पाहू.

पहिले आरोपी सापडले ते दोन इराणी तरुण. चोरीला गेलेल्या ऑस्ट्रियन आणि इटालियन पासपोर्टवर ते विमानात चढले होते. मुस्लिम देश, खोटा पासपोर्ट, बेपत्ता विमान, एवढे साहित्य मिळाल्यावर प्रस्थापित प्रसारमाध्यमांना आणखी काय हवे होते? दहशतवादी हा शब्द लगेच छापून आला. तीन दिवसांनी इंटरपोलने सांगितले की या दोघांचा दहशतवादाशी संबंध दिसत नाही. आश्रयासाठी युरोपात निघालेली ती पोरे होती. त्यांतल्या एकाची आई जर्मनीत त्याची वाट पाहत होती. तिने मुलगाही गमावला आणि जगाने तिच्या मुलाला खुनी म्हटलेलेही ऐकले. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर का जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा आरोपी विमानाचा कॅप्टन. आदल्याच दिवशी, ७ मार्चला, मलेशियाचे विरोधी पक्षनेते अन्वर इब्राहिम यांना अपील न्यायालयाने शिक्षा सुनावली होती. कॅप्टन त्यांच्या पक्षाचा समर्थक होता. लगेच निष्कर्ष निघाला की त्याने रागाच्या भरात विमान बुडवले. राजकीय मत बाळगणे हाच हेतूचा पुरावा! पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात हेच अन्वर इब्राहिम मलेशियाचे पंतप्रधान झाले.

तथापि, कॅप्टनविरुद्ध काहीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्या घरी विमान चालवण्याचा सराव करण्याचे संगणकीय यंत्र होते. घटनेच्या काही आठवडे आधी त्यावर दक्षिण हिंदी महासागराकडे जाणारा मार्ग चालवला गेल्याच्या नोंदी सापडल्या. हा परिस्थितिजन्य पुरावा आहे. तो लपवण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूला, मलेशियाच्या तपास पथकाने ३० जुलै २०१८ रोजी दिलेल्या ४९५ पानांच्या अहवालात त्याच्या वागण्यात, आरोग्यात किंवा पैशाच्या व्यवहारात संशयास्पद काही आढळले नसल्याचे म्हटले आहे. विमान मागे वळले ते बहुधा कोणीतरी हाताने वळवले, त्यात तिसऱ्याच कोणाचा हस्तक्षेप असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि विमान नाहीसे होण्याचे कारण आम्ही ठरवू शकत नाही, असेही तो अहवाल सांगतो.

येथे आपल्याच राज्यातील एक खटला आठवतो. पुण्यात घडलेल्या एका मृत्यूच्या प्रकरणात, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या. न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ असाच शब्द वापरला आहे. आपल्या वाचकांना तो शब्द परका नाही. प्रत्येक दुवा सिद्ध झाला पाहिजे, साखळी अखंड पाहिजे आणि आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कोणताही तर्क शिल्लक राहता कामा नये, हा त्यांचा गाभा. कॅप्टनला या कसोटीवर उभे करा. आग लागली असती तर? केबिनमधील हवेचा दाब जाऊन सर्वजण बेशुद्ध झाले असते तर? असे घडते. २००५ साली हेलिओस कंपनीचे विमान असेच बेशुद्ध माणसांना घेऊन आपोआप उडत राहिले आणि ग्रीसमध्ये अथेन्सजवळच्या डोंगरावर आदळले. १२१ जण गेले. अर्थात, एमएच ३७० ने घेतलेली वळणे केवळ बेशुद्धीच्या तर्काने उलगडत नाहीत, हेही खरे. म्हणजे साखळी कोणत्याच बाजूने पुरी होत नाही. अशा वेळी फौजदारी न्यायालय आरोपीला सोडते. येथे आरोपी उत्तर द्यायला जिवंत नाही, आणि त्याच्या बायकामुलांना त्याच देशात राहायचे आहे.

आता ज्यांच्याकडे माहिती होती त्यांच्याकडे वळू. कारण माझ्या मते खरा खटला तेथे आहे.

विमान पडद्यावरून गेले तरी व्हिएतनामच्या नियंत्रकाने क्वालालंपूरला विचारणा करायला सुमारे १७ मिनिटे घेतली. पुढे विमान कंपनीने सांगितले की विमान कंबोडियावर आहे. तो नुसता गणिताने काढलेला अंदाज होता, प्रत्यक्ष ठावठिकाणा नव्हता. बचाव केंद्राला जाग आली ती पहाटे साडेपाचला. दरम्यान मलेशियाच्या लष्करी रडारवर हे विमान मागे वळताना, द्वीपकल्प ओलांडताना, पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीत जाताना दिसत होते. २ वाजून २२ मिनिटांपर्यंतची नोंद आहे. विमान शत्रूचे नाही असे समजून कोणीही हालचाल केली नाही. लष्कर एक सांगत होते, मंत्री दुसरेच. काही जहाजे सामुद्रधुनीत धाडली गेली, पण दक्षिण चीन समुद्रातला शोध १५ मार्चपर्यंत चालूच राहिला. अनेक देशांची जहाजे आणि विमाने आठवडाभर त्या पाण्यात फिरली, जेथे काहीच नव्हते! सरकार गप्प बसते किंवा रोज नवे सांगते तेव्हा अफवा पिकतात. त्याचा दोष केवळ अफवा ऐकणाऱ्याला देता येणार नाही.

बरे, भक्कम पुरावा अजिबात नाही असेही नाही. उपग्रहाचे यंत्र आपल्या केंद्रामार्फत विमानाला दर तासाला ‘आहेस का?’ असे विचारत होते आणि विमान आपोआप ‘आहे’ म्हणत होते. २ वाजून २५ मिनिटांनी हा बंद पडलेला संपर्क पुन्हा जुळला आणि शेवटचा संकेत ८ वाजून १९ मिनिटांनी आला. जमिनीवरून दोनदा फोनही लावला गेला. कोणी उचलला नाही. उत्तर यायला किती वेळ लागला यावरून विमान उपग्रहापासून किती अंतरावर होते ते काढता येते. ध्वनिलहरींप्रमाणे रेडिओलहरींतही धावत्या वस्तूमुळे फरक पडतो, त्यावरून ते दक्षिणेकडे गेले हे कळले. त्यातून समुद्रावर एक लांबलचक वक्ररेषा आखली गेली, जिला सातवी कमान म्हणतात. २९ जुलै २०१५ रोजी हिंदी महासागरातील रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर याच विमानाच्या पंखाचा तुकडा लागला. पुढे टांझानिया आणि मॉरिशसच्या किनाऱ्यांवर सापडलेले तुकडेही त्याच विमानाचे ठरले. कझाकस्तान आणि दिएगो गार्सियाच्या कथा तेथेच संपायला हव्या होत्या. संपल्या नाहीत, कारण कथेला लोक मिळतात, पंखाच्या तुकड्याला मिळत नाहीत.

पूर्वी काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान २२८ माणसांसह अटलांटिकवर नाहीसे झाले. तेव्हाही वीज पडली, बॉम्ब फुटला असे तर्क झाले. दोन वर्षांनी सुमारे ३,९०० मीटर खोल तळावरून नोंदपेट्या वर काढल्या तेव्हा कळले की वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, यंत्रे गोंधळली आणि वैमानिकांना विमान सावरता आले नाही. मुंबईकरांना तर १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवत असेल. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ बळी गेले. घातपाताची चर्चा झाली. चौकशीत निघाले काय? विमान किती कलले आहे ते दाखवणारे उपकरण बिघडले होते आणि अंधाऱ्या समुद्रावर कॅप्टनने त्यावर विश्वास ठेवला. सात वर्षांनी, १९८५ च्या जूनमध्ये, ‘सम्राट कनिष्क’ आयर्लंडजवळ पडले तेव्हा मात्र तो खरोखरच बॉम्ब होता. म्हणजे तर्क कधी खरा ठरतो, कधी खोटा, आणि कोणता खरा हे समुद्राच्या तळावरची वस्तू हाती आल्याखेरीज कळत नाही.

म्हणूनच पुढील गोष्ट मला सर्वांत संतापजनक वाटते. नोंदपेटीसोबत पाण्यात संकेत देणारे एक छोटे यंत्र असते. ते तेव्हा ३० दिवस चालत असे. एअर फ्रान्सच्या अनुभवानंतर फ्रान्सच्या तपास संस्थेने २००९ च्या डिसेंबरातच हा काळ ९० दिवस करा अशी शिफारस केली होती. २०१४ साली एमएच ३७० वर ३० दिवसांचेच यंत्र होते. त्यातही एका पेटीच्या यंत्राची बॅटरी २०१२ च्या डिसेंबरातच मुदतबाह्य झालेली! हे मलेशियाच्याच अधिकृत अहवालाने मान्य केले आहे. यावर किती तास चर्चा झाली? कॅप्टनच्या टी-शर्टवर काय लिहिले होते यावर जितकी झाली त्याच्या दशांशही नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर २९ जानेवारी २०१५ रोजी मलेशियाने ही घटना अपघात म्हणून जाहीर केली आणि सर्व २३९ जण मृत मानले. मृतदेह नाही, विमान नाही, कारण नाही. मॉन्ट्रियल करारानुसार दावा दोन वर्षांत लावावा लागतो. ठरावीक रकमेपुढील भरपाई टाळायची असेल तर आपली चूक नव्हती हे विमान कंपनीने सिद्ध करायचे असते, आणि कारणच अज्ञात असेल तर ते तिला अवघड जाते. एवढाच आधार कुटुंबांना आहे. विमान बनवणाऱ्यावर दावा लावायचा तर दोष कुटुंबांनी दाखवायचा, आणि तो समुद्रतळावर! वॉशिंग्टनच्या न्यायालयात लावलेले दावे २०१८ साली न्यायाधीश केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी, या खटल्यासाठी मलेशियाच योग्य जागा आहे, असे म्हणून काढून टाकले. याच जॅक्सन पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्ती झाल्या. त्यांच्याविषयी मला आदर आहे, निकालाविषयी कमी. बीजिंगच्या न्यायालयात सुनावणी सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला.

आपल्याकडे सात वर्षे ठावठिकाणा नसलेला माणूस मृत मानण्याची तरतूद पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती. जुलै २०२४ पासून ती साक्ष्य अधिनियमात गेली. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. नवरा बांधकामाच्या कामाला परप्रांतात गेला तो परतला नाही. वस्तीत कोणी म्हणे त्याने दुसरे घर केले, कोणी म्हणे पैसे घेऊन पळाला. एका कार्यालयाने त्यांना सात वर्षे थांबायला सांगितले होते. त्या मला म्हणाल्या, “साहेब, गेले म्हणून रडू का येतील म्हणून वाट बघू, तेवढं कोर्टाला विचारून सांगा.” मी अर्ज लिहून दिला. त्या प्रश्नाचे उत्तर अर्जात लिहिता आले नाही. बीजिंगच्या विमानतळावर फलकाकडे पाहत बसलेल्या आयांची छायाचित्रे पाहिली की त्या बाई आठवतात.

समुद्रतळावर १ लाख २० हजार चौरस किलोमीटर धुंडाळून पहिला शोध जानेवारी २०१७ मध्ये थांबला. २०१८ साली ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीने आणखी एक लाखाहून अधिक चौरस किलोमीटर पाहिले. २०२५ साली मलेशिया सरकारने त्याच कंपनीशी १५ हजार चौरस किलोमीटरसाठी नवा करार केला. सापडले तर सात कोटी डॉलर, नाही सापडले तर काही नाही. हवामानामुळे तो शोध एप्रिलमध्ये थांबला आणि ३० डिसेंबर २०२५ पासून पुन्हा सुरू करण्याचे जाहीर झाले. कुटुंबांनी सतत तगादा लावला म्हणून हे घडले, सरकारला आपणहून आठवण झाली म्हणून नव्हे.

विमानातील आवाजाची पेटी फक्त शेवटच्या दोन तासांचे बोलणे ठेवते. विमान साडेसात तासांहून अधिक उडत होते. म्हणजे ती पेटी सापडली तरी १ वाजून २१ मिनिटांनी तेथे कोण काय बोलले, ते केव्हाच पुसले गेलेले असणार. दुसरी पेटी मात्र २५ तासांच्या तांत्रिक नोंदी ठेवते. विमान कसे वळले, दाब केव्हा गेला, वीज केव्हा तुटली आणि केव्हा परतली, हे तिच्यात आहे.