विजेचा रणगाडा आणि बॅटरीचे भूत

विजेवर चालणाऱ्या रणगाड्याचा विषय निघाला की ‘रणांगणात त्याची बॅटरी भरणार कोण?’ असे विजयी मुद्रेने विचारणारा एखादा गृहस्थ बैठकीत निघतोच. आणि ज्या यंत्राविषयी तो बोलत असतो त्याच्या पोटात इंजिनच धडधडत असते, ही गोष्ट कितीदा सांगितली तरी त्याच्या दप्तरी दाखल होत नाही.

वीज येथे इंधन नव्हे, मध्यस्थ आहे. इंजिन जनित्र फिरवते, जनित्राची वीज दोन मोटरींना मिळते आणि प्रत्येक मोटर आपल्या बाजूचा साखळीपट्टा ओढते. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिने हाच व्यवहार कित्येक दशके करीत आली, पण त्यांच्या बॅटरीची चिंता कोणी वाहिल्याचे ऐकिवात नाही. फ्रेंचांच्या सेंट-शामों रणगाड्यात 1917 सालीच सुमारे 90 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, डायनामो आणि दोन मोटरी होत्या. एका मोटरीचा प्रवाह घटवला की त्या बाजूचा पट्टा मंदावे आणि वीस टनांहून जड असे ते धूड त्या अंगाला वळे. तेव्हा ही कल्पना कालपरवाची, हाही समज निकालात निघतो.

निव्वळ बॅटरीचा हिशेबच जुळत नाही. एक किलो डिझेलात सुमारे 12 युनिट ऊर्जा असते, आणि इंजिनाने तिच्यातली दोन-तृतीयांश उष्णतेत उधळली तरी 4 युनिट हाती लागतात. किलोभर लिथियम बॅटरी-संचात पाव युनिट मिळाले तरी पुष्कळ.

दुसरी हाकाटी अशी, की 1943 च्या जुलैत कुर्स्कच्या लढाईत जर्मनांचे 65 टनी फर्डिनांड रणगाडाविनाशक या विद्युत्-चालनापायीच बुडाले. सोव्हिएत तज्ज्ञांनी पोनिरी स्थानकाजवळ निकामी पडलेली 21 वाहने तपासली, तेव्हा बहुतेकांचे पट्टे व चाके सुरुंगांनी वा तोफांनी मोडलेली आढळली. विजेचा दोष असेल तर तो तिच्या वजनाचा आणि तांब्याच्या उधळपट्टीचा.

असा रणगाडा निःशब्द धावतो, हे अर्धसत्य: इंजिनाच्या जोडीला बॅटरीही बाळगणारे संकरित वाहन इंजिन बंद ठेवून थोडे अंतर सरकेल, पोलादी पट्ट्यांचा खडखडाट मात्र कोणतीही मोटर थांबवीत नाही.

विचारायचेच असेल तर वळणाविषयी विचारावे. वेगात वळताना आतला पट्टा रोखावा लागतो, आणि बाहेरच्याला निम्म्या वाट्याहून कितीतरी अधिक शक्ती लागते. म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा यांत्रिक दुवा नसेल, तर प्रत्येक मोटर गरजेपेक्षा दांडगी बसवावी लागते आणि तो दुवा गाळून वाचवलेले वजन तेथेच परत चढते.