पेल्याची पारख

सेवाग्रामच्या पुण्याईने आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदीचा अंमल असला, तरी पुलगावची नदी ओलांडताच अमरावती जिल्ह्यात परवानाधारक बार असल्याने, पेल्याच्या स्वच्छतेचा प्रश्न येथील रहिवाशांना अप्रस्तुत नव्हे. उकळलेला यवरस, हॉप्स, आम्लता आणि मद्यार्क यांमुळे बिअरमध्ये रोगजंतू सहसा तग धरीत नाहीत. परंतु १८७६ साली लुई पाश्चर यांनी ग्रंथरूपाने दाखविल्याप्रमाणे इतर सूक्ष्मजीव ती नासवितात, आणि बिअर पेल्यात सोडणारी न धुतलेली नळी हे त्यांचे हक्काचे ठाणे होय. ज्या पेल्यात बुडबुडे आतून काचेला चिकटतात व फेस तत्काळ विरतो, तो अस्वच्छ समजून निःसंकोच बदलून मागावा. चोरट्या दारूस मात्र कोणतीच तपासणी नसते. २०१५ साली मुंबईतील मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, हे कदापि विसरू नये.