विमान रद्द, सामना हुकला; पैसे कोणाकडे मागायचे?

नाताळच्या सुटीत आपल्या संघासाठी परगावी जाण्याची अमेरिकी फुटबॉलप्रेमींना भारी हौस. ३१ डिसेंबर २०२२ रोजी टेक्सासच्या टीसीयू विद्यापीठाचा सामना अ‍ॅरिझोनात मिशिगनशी होता. आदल्याच आठवड्यात साउथवेस्ट कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. सुमारे १६,९०० उड्डाणे रद्द झाली, २० लाखांवर प्रवासी अडकले.

हिमवादळाचा फटका सगळ्यांनाच बसला होता. मग इतर कंपन्या सावरल्या आणि हीच का अडकली? कोणता वैमानिक कोणत्या शहरात आहे, याचा मेळ घालणारी यंत्रणाच कमी पडली. विमान एकीकडे, कर्मचारी भलतीकडे! फोर्टवर्थहून गाडीने निघावे, तर रस्ता दीड हजार किलोमीटरहून अधिक.

पुढे सरकारने कंपनीला १४ कोटी डॉलरचा दंड केला. पण हुकलेला सामना दंडाने परत येत नाही. आपल्याकडे डीजीसीएच्या नियमांनुसार सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. तो विमानाच्या तिकिटाचा; स्टेडियमच्या तिकिटाचा नव्हे. त्यामुळे सामन्याच्या दिवशी सकाळचे स्वस्त विमान पकडण्यापेक्षा आदल्या दिवशीच पोहोचलेले बरे.

टीसीयूने तो सामना ५१-४५ असा जिंकला.